घेवड्याचे पान पिवळे पडले, पण कोणते?

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात आमच्या आत्याचे एक एकर रान आहे. रान कसले, माळाच्या उतारावरची हलकी, मुरमाड पट्टी! पावसाच्या भरवशावर जे येईल ते खरे. त्या भागात पावसाळ्यात वाघ्या घेवडा करतात. दाण्यावर तांबूस रेघा असतात म्हणून तो वाघ्या. या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आत्याला मानांकन वगैरे ठाऊक नाही. घेवडा घरात आला की वाण्याची उधारी फिटते आणि वर्षाच्या आमटीची सोय होते, एवढे तिला पक्के ठाऊक आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्यात आमच्या आतेभावाने यंत्र लावून रानाचा उतार मोडला आणि पट्टी सपाट करून घेतली. पाणी धरून राहील, माती वाहून जाणार नाही, असा त्याचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. परंतु वरच्या अंगाची चांगली माती खालच्या अंगाला गेली आणि वर पांढरट चुनखडी उघडी पडली. पेरणी झाली, उगवण चांगली झाली. तीन-चार आठवडे गेले आणि वरच्या अंगाचा घेवडा पिवळा पडू लागला.

आतेभावाने एक पान तोडले, खिशात घातले आणि तालुक्याच्या गावी एका दुकानात नेऊन दाखवले. दुकानदाराने पान हातातही घेतले नाही. "पिवळं पडलंय ना? युरिया टाका." युरिया टाकला. तण तरारले, घेवड्याचा शेंडा मात्र पिवळाच राहिला. पुन्हा दुकान. या वेळी रंगीत बाटली मिळाली, 'टॉनिक' म्हणून. तीही उधारीवर. फवारणी झाली, पंधरा दिवस गेले, पानांच्या कडा वाळू लागल्या.

या सगळ्या धावपळीत एक माणूस रोज त्या पिकात बसलेले होते. ती म्हणजे खुरपणारी आमची आत्या. ती पहिल्या दिवसापासून सांगत होती, "आरं, खालची पानं हिरवीगार हायती. शेंडाच तेवढा पिवळा पडलाय. हे युरियाचं दुखणं न्हवं." तिचे कोणी ऐकले नाही. शाळा न शिकलेल्या बाईला खतातले काय कळणार, असा आपला समज!

शेवटी भावकीतले एक तात्या, जे कृषी खात्यातून निवृत्त झाले आहेत, बांधावर आले. त्यांनी पान पाहण्याआधी एकच प्रश्न विचारला : "अक्का, पिवळेपणा खालनं चढला की वरनं उतरला?" आत्या म्हणाली, "वरनं." तात्या म्हणाले, "मग तुमचा युरिया वाया गेला."

त्या एका प्रश्नात एवढे काय आहे, ते आम्ही तात्यांकडून आणि नंतर थोडे वाचून समजून घेतले. आमच्या वाचकांपैकी अनेकांची गावाकडे अशीच थोडी, हलकी जमीन आहे. कोणी वाल लावतो, कोणी चवळी, कोणी घेवडा. शहरात राहणाऱ्या भगिनीही दारातल्या डब्यात घेवड्याचा वेल चढवतात. त्या सर्वांसाठी हा लेख आहे.

जुने पान आणि नवे पान

झाडाला वाढायला एकूण सतरा मूलद्रव्ये लागतात. त्यांपैकी कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीन हवेतून व पाण्यातून मिळतात. उरलेली मुख्यतः मातीतून, मुळांवाटे. नत्र, स्फुरद, पालाश जास्त लागतात; कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक मध्यम लागतात; लोह, जस्त, बोरॉन, मॉलिब्डेनम वगैरे अगदी चिमूटभर लागतात. चिमूटभर लागते म्हणून ते नसले तरी चालते असे मात्र नाही. आमटीत मीठ चिमूटभरच लागते, पण ते नसेल तर बाकीचे सारे असूनही आमटी बेचव.

आता मुद्द्याची गोष्ट. घरात धान्य कमी पडले की आई आपल्या ताटातली भाकरी लेकराच्या ताटात सरकवते. झाडही काही बाबतीत असेच वागते. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडाच्या अंगात हलू शकतात. मातीतून पुरवठा कमी पडला की झाड ती जुन्या, खालच्या पानांतून काढून शेंड्याच्या कोवळ्या पानांना देते. म्हणून अशा वेळी आधी खालची पाने आजारी दिसतात आणि शेंडा बराच काळ बरा राहतो.

लोह, कॅल्शियम, बोरॉन यांचे तसे नाही. ही द्रव्ये एकदा एका पानात बसली की तिथून सहसा हलत नाहीत. गंधक आणि जस्तही फार थोडे हलतात. पुरवठा तुटला की जुन्या पानांत पूर्वीचा साठा असतो, ती हिरवी राहतात. नव्याने फुटणाऱ्या पानाला मात्र काहीच मिळत नाही. म्हणून शेंडा आजारी पडतो.

खालची पाने आधी पिवळी झाली की वरची, हे ठरले म्हणजे निम्मे निदान झाले. दुकानात नेलेल्या एकट्या पानाला हे सांगता येत नाही, कारण ते पान झाडावर कुठे होते हे त्या पानावर लिहिलेले नसते. ते फक्त रानात उभे राहून, झाड समोर ठेवूनच कळते.

खालून पिवळेपणा चढत असेल तर

नत्राची कमतरता असेल तर खालचे संपूर्ण पान सारखे फिकट होते. आधी पोपटी, मग पिवळे. शिराही पिवळ्या, शिरांमधली जागाही पिवळी. झाड खुजे राहते, फांद्या कमी, फुले कमी. पुढे खालची पाने गळतात.

इथे कोणी विचारील की, कडधान्याला नत्र कशाला? ते तर हवेतला नत्र स्वतः घेते! खरे आहे. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र झाडाला देतात, हे १८८० च्या दशकात हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पण चवळी, मूग, तूर यांच्या मानाने घेवडा या कामात आळशी आहे. त्याच्या मुळांवर गाठी कमी धरतात, म्हणून त्याला बाहेरून थोडे नत्र द्यावे लागते.

हे तपासणे सोपे आहे. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी एक झाड ओल्या मातीसकट खुरप्याने उचला. ओढून उपटू नका, गाठी मातीतच राहतात. मुळे पाण्यात हलकेच धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी, तांबूस रंग दिसला तर जिवाणू कामावर आहेत. आत पांढरे किंवा हिरवट दिसले, किंवा गाठीच नसल्या, तर नत्राची चणचण समजावी. पुढच्या पेरणीला रायझोबियम जिवाणू खताचे २५० ग्रॅमचे पाकीट दहा किलो बियाण्याला गुळाच्या पाण्यातून चोळावे, बी सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. पाकिटावर पिकाचे नाव वाचून घ्यावे. चवळीचे जिवाणू घेवड्याला चालत नाहीत. बुरशीचे औषध लावायचे असेल तर ते आधी आणि जिवाणू खत सर्वांत शेवटी.

मात्र नत्र जास्त झाला तर झाड नुसते पाल्याला जाते, शेंगा कमी धरतात आणि गाठींतले जिवाणूही काम सोडतात. म्हणून 'युरिया टाकला तर तोटा तरी काय' हे म्हणणे बरोबर नाही.

स्फुरद कमी असेल तर पान पिवळे न पडता उलट गडद, निळसर हिरवे आणि निस्तेज दिसते. पाने लहान, झाड थिजल्यासारखे, फुले उशिरा. पिवळेपणा नसल्यामुळे ही कमतरता सहसा लक्षातच येत नाही. 'हिरवे आहे म्हणजे बरे आहे' असे आपण समजतो आणि शेंगा धरायच्या वेळी हाताला काही लागत नाही.

पालाश कमी असेल तर खालच्या पानांची कड पिवळी होते, मग तपकिरी होऊन करपते. पानाचा मधला भाग हिरवा आणि भोवतीने जळाल्यासारखी किनार. खोड कमकुवत होते, वाऱ्यात झाड लोळते. चुलीतल्या लाकडाच्या राखेत पालाश असते आणि ती घरचीच असते. मात्र राखेत चुनाही असतो. चुनखडीच्या रानात ती सढळ हाताने टाकू नये.

मॅग्नेशियम कमी असेल तर जुन्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधली जागा पिवळी पडते. पानाचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्यामुळे असतो, त्याच्या मध्यभागीच मॅग्नेशियम असते. कोकणात जोराच्या पावसाने जमिनीतून मॅग्नेशियम आणि चुना धुऊन जातो. तिथे भात निघाल्यावर ओलीवर वाल घेणाऱ्यांनी या खुणेकडे लक्ष ठेवावे. अशाच आंबट जमिनीत मॉलिब्डेनमही झाडाला मिळत नाही. गाठींतल्या जिवाणूंना ते लागते, म्हणून त्याची कमतरता दिसताना नत्राच्या कमतरतेसारखीच दिसते.

वरून पिवळेपणा उतरत असेल तर

गंधकाची कमतरता हुबेहूब नत्रासारखी दिसते. पान सारखे फिकट, शिराही फिकट. फरक एवढाच की, नत्राचा पिवळेपणा खालून सुरू होतो, गंधकाचा वरून. युरियात आणि डीएपीत गंधक नसते. साध्या सुपर फॉस्फेटमध्ये ते सुमारे ११ टक्के असते. वर्षानुवर्षे फक्त युरिया आणि डीएपी टाकणाऱ्या रानात म्हणूनच गंधक कमी पडू शकते. स्फुरद द्यायचेच असेल तर साधे सुपर फॉस्फेट दिल्याने दोन्ही कामे होतात.

लोहाची कमतरता ओळखायला सर्वांत सोपी. शेंड्याचे कोवळे पान पिवळे पडते, पण त्यातल्या शिरा, अगदी बारीक शिरासुद्धा, हिरव्या राहतात. पानावर हिरव्या दोऱ्याची जाळी विणल्यासारखी दिसते. दुखणे वाढले की पान जवळजवळ पांढरे होते आणि कडेने वाळते. आत्याच्या रानात हेच होते. चुनखडीच्या जमिनीत लोह नसते असे नाही. ते असते, पण चुन्यामुळे अशा रूपात अडकते की मुळांना घेता येत नाही. कुलूप लावलेल्या कणगीसारखे. रानात पाणी साचले की हा त्रास आणखी वाढतो.

जस्ताच्या बाबतीत घेवडा फार नाजूक आहे. जस्त कमी पडले की नवी पाने बारीक, आखडलेली, वेडीवाकडी निघतात, शिरांमध्ये पिवळेपणा आणि पुढे तांबूस डाग येतात. दोन पेरांतले अंतर कमी होते, झाड दाटून बसल्यासारखे दिसते, फुले आणि कोवळ्या शेंगा गळतात. वरची माती खरवडून काढलेल्या रानात, चुनखडीत आणि स्फुरदयुक्त खत प्रमाणाबाहेर टाकलेल्या रानात हे जास्त आढळते. वरची चार-सहा बोटे मातीच खरी श्रीमंत असते. म्हणून रान सपाट करताना ती आधी बाजूला ओढून ठेवावी, काम झाल्यावर पुन्हा वर पसरावी. आमच्या आतेभावाला हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

कॅल्शियम आणि बोरॉन कमी पडले तर शेंड्याचा कोंबच मरतो. बोरॉनच्या कमतरतेत पाने जाड आणि ठिसूळ होतात आणि कोंब मेल्यामुळे बाजूने खुरटे फुटवे निघतात. झाडांना बोरॉन लागते हे सिद्ध झाले तेही एका शेंगवर्गीय पिकावरच. इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात कॅथरीन वॉरिंग्टन या तरुण संशोधिकेने बाकल्याची रोपे पाण्यात वाढवून पाहिली. बोरॉनवाचून ती मरत होती, चिमूटभर दिले की वाढत होती. १९२३ साली तिने हे प्रसिद्ध केले. पान नीट पाहणारी बाई शास्त्राला काय देऊ शकते, याचे हे उदाहरण आमच्या भगिनींनी जरूर लक्षात ठेवावे. पण एक इशारा. बोरॉनची कमतरता जशी घेवड्याला सोसत नाही, तसे त्याचे आधिक्यही सोसत नाही. थोडे जास्त झाले तरी पानांच्या कडा जळतात. माती तपासल्याशिवाय बोरॉनला हात लावू नये.

हे दुखणे भुकेचे नसेलही

पिवळे पान म्हणजे अन्नद्रव्याची कमतरताच, असे नाही. खत आणण्यापूर्वी आणखी चार गोष्टी पाहून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, पिवळी झाडे रानात कशी पसरली आहेत? कमतरता मातीची असते, म्हणून ती पट्ट्यापट्ट्याने दिसते. चुनखडीचा तुकडा, पाणी साचणारा खळगा, खरवडलेला उंचवटा. आणि त्या पट्ट्यातली बहुतेक सगळी झाडे सारखी दिसतात. एक झाड पिवळे, शेजारचे हिरवेगार, पुन्हा चार हात सोडून एक पिवळे, असे दिसले तर रोगाचा संशय घ्यावा.

दुसरी गोष्ट, पिवळा रंग पानावर कसा आहे? कमतरतेत पानाच्या डाव्या-उजव्या बाजू साधारण सारख्या दिसतात. मोझॅक रोगात, ज्याला काही ठिकाणी केवडा म्हणतात, हिरवे-पिवळे ठिपके आणि चट्टे वेडेवाकडे, कसेही पसरलेले असतात. हा विषाणूचा रोग मावा आणि पांढरी माशी यांच्यामुळे पसरतो. त्याला कोणतेही खत लागू पडत नाही. अशी झाडे सुरुवातीलाच उपटून काढलेली बरी.

तिसरी गोष्ट, पान उलटून पाहा. तुडतुड्यांनी रस शोषला तरी पानाची कड पिवळी होऊन करपते आणि पालाशची कमतरता वाटते. पानाखाली हिरवे, तिरके पळणारे बारीक किडे दिसले की उलगडा होतो.

चौथी गोष्ट, मूळ पाहा. पाणी साचून मूळ काळे पडले, कुजले असेल तर मातीत सारे असूनही झाड उपाशी राहते. मुळांवरच्या गाठीही नीट ओळखाव्यात. जिवाणूंची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि नखाने सहज सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मुळालाच आलेली सूज. ती सुटत नाही, काढू गेले तर मूळ तुटते. पहिली गाठ मित्राची, दुसरी शत्रूची.

आधी दहा झाडांवर करून पाहा

तात्यांनी आत्याच्या रानात जे केले ते कोणालाही करता येईल. त्यांनी सगळ्या रानावर फवारणी करू दिली नाही. दहा झाडांना सुतळी बांधून खूण केली. एका लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवले आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर फक्त त्याच झाडांच्या शेंड्यांवर मारले. दुसऱ्या दहा झाडांवर एका लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम विझवलेला चुना घालून, गाळून फवारले. तिसरी दहा झाडे तशीच सोडली.

आठ-दहा दिवसांनी हिराकस मारलेल्या झाडांचे शेंडे हिरवे दिसू लागले. जस्त मारलेल्या झाडांची नवी पाने थोडी मोठी निघाली, पण पिवळेपणा पुरता गेला नाही. नुसती सोडलेली दहा झाडे तशीच पिवळी. म्हणजे मुख्य भूक लोहाची, जोडीला थोडी जस्ताची. कोणावर विश्वास ठेवायचा हा प्रश्नच उरला नाही. झाडांनीच उत्तर दिले, आणि तेही मूठभर हिराकसाच्या खर्चात.

मग त्या पट्टीवर दहा लिटर पाण्याला ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम लिंबूसत्त्व याप्रमाणे दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारणी केली. हिराकस नुसते चुनखडीच्या मातीत टाकले तर ते लगेच अडकून बसते; टाकायचेच तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून टाकावे. पानावर मारलेले लवकर लागू पडते. दोन सल्फेटे एकत्र किंवा कीटकनाशकात मिसळून मारू नयेत. भर उन्हात फवारू नये. स्वयंपाकाची भांडी यासाठी वापरू नयेत आणि पुड्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. हिराकसाचे खडे लहान मुलांना खडीसाखरेसारखे वाटू शकतात, म्हणून हे मुद्दाम सांगत आहोत.

मातीची चिठ्ठी

पान आजची भूक सांगते, पण ती बरीच उशिरा सांगते. पानावर खूण उमटते तोपर्यंत पिकाचे थोडे नुकसान झालेले असते. शिवाय दोन-तीन कमतरता एकत्र असल्या तर खुणा एकमेकींत मिसळतात आणि जाणत्यालाही चकवतात. म्हणून पुढच्या हंगामाआधी माती तपासून घेणे हाच खरा उपाय. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. या पत्रिकेत बारा बाबी असतात. मातीचा सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. गावच्या कृषी कर्मचाऱ्याकडे चौकशी करावी आणि संकोच न करता करावी.

नमुना नीट घेतला तरच चिठ्ठी खरी येते. पीक निघाल्यावर, नवे खत टाकण्यापूर्वी, रानातून नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा खड्डा घ्यावा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यावी. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नये. सगळी माती मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत. असे करत अर्धा किलो उरेल तेवढी सावलीत वाळवून द्यावी. लोह, जस्त पाहायचे असेल तर गंजके खुरपे आणि खताची रिकामी पिशवी वापरू नये. रानात दोन रंगांची माती असेल तर दोन नमुने वेगळे द्यावेत. आत्याच्या रानात हेच केले, आणि वरच्या व खालच्या अंगाच्या चिठ्ठ्या इतक्या वेगळ्या आल्या की जणू दोन गावची रानेच.

दारातल्या डब्यातला वेल

चाळीत, वस्तीत डब्यात घेवडा लावणाऱ्या भगिनींनी खताचा विचार सर्वांत शेवटी करावा. डब्यातला वेल पिवळा पडण्याचे पहिले कारण बहुधा जास्तीचे पाणी असते. डब्याच्या तळाला भोके आहेत का, पाणी निघून जाते का, ते आधी पाहा. दुसरे कारण म्हणजे लहान डबा आणि जुनी माती. वेल फुलावर आला की डब्यातले अन्न संपत येते आणि खालची पाने फिकट होतात. मूठभर कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत वरून घालून माती हलवली तर बहुतेक वेळा काम भागते. बांधकामाच्या जागेवरची, सिमेंट-चुना मिसळलेली माती भरली असेल तर शेंडा पिवळा पडून जाळी दिसेल. ती माती बदलणे हाच उपाय. मुलांना अशा वेळी हाताशी घ्यावे. खालचे पान की वरचे, शिरा हिरव्या की पिवळ्या, हे ओळखायला चौथी-पाचवीतले मूलही शिकते, आणि शाळेच्या पुस्तकातले हरितद्रव्य त्याला दारातच भेटते.

आत्याचा घेवडा

त्या वर्षी आत्याच्या रानात चमत्कार वगैरे झाला नाही. खालच्या अंगाचे पीक चांगले आले. वरच्या अंगाला महिनाभर वाया गेला होता. शेंडे हिरवे झाले, पण शेंगा निम्म्याच धरल्या. वाण्याची सगळी उधारी फिटली नाही. दुकानातल्या बाटलीचे पैसे मात्र द्यावेच लागले. पुढच्या वर्षी चिठ्ठी हातात होती. वरच्या अंगाला शेणखत जास्त ओढले, पेरणीच्या वेळी जस्त दिले, साधे सुपर फॉस्फेट वापरले, बियाण्याला जिवाणू खत चोळले आणि शेंडा फिकट दिसू लागताच, जाळी दिसण्याची वाट न पाहता, हिराकस मारले. युरियाची अर्धी गोणी वाचली.

या सगळ्यापेक्षा मोठा बदल आम्हाला वेगळाच वाटतो. आता आतेभाऊ दुकानात जाण्याआधी आत्याला विचारतो, "आये, काय दिसतंय?" पिकात सर्वांत जास्त वेळ वाकून बसते ती घरातली बाई. पहिले पिवळे पान तिलाच दिसते. ते वरचे होते की खालचे, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. तिला विचारायला पैसा पडत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पीक पिवळे दिसले तर एकटे पान खिशात घालून दुकान गाठू नका. रानात उभे राहा. वरचे की खालचे, शिरा हिरव्या की पिवळ्या, पट्ट्याने की तुरळक, हे तीन प्रश्न विचारा. पान उलटून पाहा, मूळ धुऊन पाहा, दहा झाडांवर करून पाहा. आणि मगच खिशात हात घाला.